बारा पाण्यांचा हिशेब

माझा चष्मा मोठा विसराळू आहे. घरांत असतांना त्याची कांच निर्मळ पाण्यासारखी स्वच्छ असते. परंतु उंबरठा ओलांडून उन्हांत पाऊल टाकलें, कीं मिनिटाभरांत ती काजळूं लागते, आणि पुन्हां सावलींत आलों म्हणजे थोड्या वेळानें, जणुं कांहीं घडलेंच नाहीं अशा थाटांत, पूर्ववत् होते. हल्लीं असे चष्मे बहुधा प्लास्टिकचे असतात आणि त्यांतील रंगद्रव्यें निराळ्या जातीचीं असतात. माझा मात्र जुन्या चालीचा, खऱ्या कांचेचा आहे. परवां माझा नातू तो नाकावर चढवून अंगणांत हिंडून आला आणि म्हणाला, "आजोबा, तुमच्या चष्म्याच्या कांहींच लक्षांत राहत नाहीं!"

मी हंसलों. पण हंसतां हंसतां समोरच्या भिंतीवरील एका पिंवळ्या पडलेल्या छायाचित्राकडे माझी दृष्टि गेली, आणि माझें हंसूं तेथेंच थांबलें. तो विसराळू चष्मा आणि तें पिंवळें चित्र हीं एकाच घराण्यांतलीं भावंडें आहेत, हें नातवाला ठाऊक नव्हतें.

क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन या मंडळींना रसायनशास्त्रांत हॅलोजन, म्हणजे मीठ घडविणारीं मूलद्रव्यें, असें म्हणतात. क्लोरीनचा सोडियमशीं संयोग झाला म्हणजे आपल्या पानांतलें मीठ होतें. चांदीशीं संयोग झाला म्हणजे जें मीठ होतें, त्याला चव नसली तरी एक प्रकारची दृष्टि असते. प्रकाश पाहिला कीं तें काळें पडतें. माझ्या चष्म्याच्या कांचेंत या रौप्यक्षारांचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले आहेत. आणि भिंतीवरचें तें चित्र सिल्व्हर ब्रोमाइडच्या कागदावर माझ्या वडिलांनीं १९५८ सालीं उमटविलेलें आहे.

आम्ही त्या काळीं पुण्यास शनवारांत नदीजवळच्या एका वाड्यांत राहत असूं. अण्णा शाळेंत रसायनशास्त्र शिकवीत. छायाचित्रें काढण्याचा त्यांना भारी नाद. तळमजल्यावरच्या न्हाणीघराच्या झरोक्यावर घोंगडी टाकली, कीं त्यांची अंधारकोठडी तयार होई. ब्रोमाइडच्या कागदाला तांबडा प्रकाश दिसत नाहीं. म्हणून तांबड्या कांचेचा एक कंदील तेथें मिणमिणत असे. त्या उजेडांत, थाळींतल्या कोऱ्या कागदावर आईचा चेहरा हळुहळू वर आलेला मीं पाहिला, तेव्हां मी दहा वर्षांचा होतों. तुळशीला पाणी घालून उठतांना तिनें मागें वळून पाहिलें होतें, तो तो क्षण. मागें नुकतीच चुना दिलेली भिंत होती.

त्या कोऱ्या कागदांत तो चेहरा आधीं कोठें दडून बसला होता, हें कोडें शास्त्रज्ञांनाहि पुष्कळ वर्षें सुटलें नव्हतें. ब्रिस्टलच्या गर्नी व मॉट यांनीं १९३८ सालीं त्याचा उलगडा केला. सिल्व्हर ब्रोमाइडच्या स्फटिकांत चांदीचे व ब्रोमीनचे विद्युद्भारित अणु मिठाच्या खड्यांतल्याप्रमाणेंच आळीपाळीनें रांगेंत बसलेले असतात. प्रकाश पडला कीं ब्रोमीनच्या पदरचा एक इलेक्ट्रॉन सुटतो व भटकत जाऊन स्फटिकांत जेथें कांहीं व्यंग असेल तेथें अडकतो. मग रांग सोडून हिंडणारा एखादा रौप्य-अणु तेथें येऊन त्याला मिळतो. असे चारएक अणु एका जागीं जमले, कीं तेवढ्या खुणेवरून विकासक द्रव अब्जावधि अणूंच्या त्या सबंध स्फटिकाची चांदी करून टाकतो. तीच आपल्याला काळी दिसते. नवल असें, कीं निर्दोष स्फटिक या कामीं फारसा उपयोगी नाहीं, व्यंग हवेंच. त्या क्षारांना धरून ठेवणारें जिलेटिन गुरांच्या हाडाकातड्यांपासून काढतात. मोहरीच्या जातीच्या वनस्पतींत असणाऱ्या गंधकयुक्त द्रव्याचा अंश त्या जिलेटिनांत असला, तर रौप्यक्षाराची दृष्टि कितीतरी पटींनीं तीक्ष्ण होते, असें शेपर्ड यानें १९२५ मध्यें शोधून काढलें. त्या गंधकानें स्फटिकांवर सिल्व्हर सल्फाइडचे इवलेसे ठिपके पडतात, आणि चित्राचें बीज तेथेंच रुजतें.

परंतु चित्र उमटविणें आणि तें टिकविणें या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्लंडांत वेजवुड व डेव्ही यांनीं १८०२ सालींच रौप्यक्षारांच्या कागदावर पानांच्या शिरा आणि किड्यांचे पंख उतरविले होते. पण तीं चित्रें मेणबत्तीच्या उजेडांत चोरून पाहावीं लागत. दिवसाच्या प्रकाशांत आणलीं, कीं उरलेला क्षारहि काळा पडे आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत चित्र काळोखांत बुडून जाई. हायपो नांवाच्या द्रव्यांत हे क्षार विरघळतात, हें जॉन हर्शेल यानें १८१९ मध्येंच पाहिलें होतें. पण त्या ज्ञानाची छायाचित्राशीं गांठ पडावयास १८३९ साल उजाडावें लागलें. ज्यावर प्रकाशाचा ठसा उमटला नाहीं तें सारें हायपो धुवून नेतो, तेव्हां कोठें ठसा राहतो. आणि शेवटीं तो हायपोहि धुवून जावा लागतो.

हें शेवटचें काम अण्णांनीं माझ्यावर सोंपविलें होतें. चौकांतल्या हौदाजवळ घंगाळांत चित्रें ठेवावयाचीं आणि पांच पांच मिनिटांनीं पाणी बदलावयाचें, असें बारा वेळां. रविवारची दुपार होती. बाहेर बोळांत विटीदांडूचा डाव रंगला होता. मीं तीन वेळां पाणी बदललें, चित्रें दोरीवर अडकविलीं आणि पळालों.

दोन वर्षांनीं आई गेली. त्यानंतरच्या वर्षीं, १२ जुलै १९६१ रोजीं, पानशेतचें धरण फुटलें. नदीचें पाणी वाड्यांत शिरलें, आणि न्हाणीघराच्या फळीवरची निगेटिव्हांची पेटी त्यांत गेली. माडीवरच्या भिंतीला टांगलेलें तेवढें तें एक चित्र उरलें. मग चारपांच वर्षांत तें पिंवळट पडूं लागलें. पाहुणे हळहळत. अण्णा म्हणत, "हायपो जुना झाला होता. माझीच चूक." मी खालीं मान घालून बसें, आणि, खोटें कशाला बोलूं, मला त्या शब्दांनीं मोठा धीर येई.

पुढें कॉलेजांत रसायनशास्त्र शिकतांना मला कळलें, कीं या दोन चुका एकसारख्या दिसत नाहींत. हायपो जुना असला तर चित्रांतल्या पांढऱ्या जागांवर डाग चढतात. धुणें अपुरें झालें, तर मागें राहिलेल्या हायपोंतला गंधक चित्राच्या चांदीलाच खातो, आणि जें चित्र तेंच फिकें व पिंवळें होतें. ज्या सिल्व्हर सल्फाइडच्या ठिपक्यावर चित्राचा जन्म होतो, तेंच सिल्व्हर सल्फाइड होऊन तें शेवटीं झिजतें. त्या दिवशीं मीं घरीं येऊन चित्र नीट न्याहाळलें. मागची चुन्याची भिंत पांढरीशुभ्र होती. विरत चालली होती ती आईच्या गालावरची सावली आणि ओठांची रेघ.

जें मला कॉलेजांत कळलें, तें जन्मभर रसायनशास्त्र शिकविणाऱ्या अण्णांना कळलें नसेल काय? मी त्यांच्यापुढें जाऊन उभा राहिलों आणि म्हणालों, "अण्णा, त्या दिवशीं मीं तीनच वेळां पाणी बदललें होतें."

त्यांनीं वर्तमानपत्र खालीं ठेवलें. "ठाऊक आहे," ते म्हणाले. "मी आंत होतों. हौदांत घागर बुडाल्याचा आवाज तीनदांच आला."

"मग तुम्ही मला बोलावलें कां नाहीं?"

"उठलों होतों. तुझी आई म्हणाली, रविवार आहे, खेळूं द्या त्याला. म्हटलें, उद्यां पुन्हां धुवूं." थोडा वेळ थांबून ते म्हणाले, "तें राहून गेलें." आणि त्यांनीं वर्तमानपत्र पुन्हां उचललें.

या विषयावर आम्ही पितापुत्र पुन्हां कधीं बोललों नाहीं.

चष्म्याच्या कांचेला कांहीं लक्षांत कां राहत नाहीं, याचें कारण अगदीं साधें आहे. कांचेच्या तुरुंगांतून हॅलोजनला बाहेर पडतां येत नाहीं. तो चांदीच्या शेजारींच अडकून राहतो आणि ऊन सरलें कीं दोघे पुन्हां एक होतात. छायाचित्रांत तो सुटून जातो आणि जिलेटिनांत जिरतो. म्हणून तेथें परतीची वाट उरत नाहीं. ठसा राहावयाचा असेल तर कोणी तरी कायमचें जावें लागतें.

गेल्या दिवाळींत नातवानें त्या चित्राची प्रत संगणकावर उतरविली, तिचा पिंवळेपणा काढला, गालावरची सावली गडद केली आणि मोठ्या अभिमानानें मला ती आणून दिली. प्रत खरोखर सुरेख झाली आहे. मीं त्याची पाठ थोपटली आणि ती दिवाणखान्यांत लावली. माझ्या खोलींत मात्र तें जुनें, पिंवळेंच चित्र आहे. नव्या प्रतींत आई स्पष्ट दिसते. पण माझ्या न धुतलेल्या नऊ पाण्यांचा हिशेब, अण्णांनीं आपल्या माथीं घेतलेली चूक आणि आईनें मला दिलेली एका दुपारची सुटी हीं त्या पिंवळेपणांतच आहेत. तेवढी झीज मला पुसून टाकावयाची नाहीं.