पुढच्या दाराने

आमचं घर सावंतवाडी तालुक्यातलं, चिऱ्याचं. पुढे खळं, मग ओटी, माजघर, मागे पडवी, आणि न्हाणीघर त्याच्याही पलीकडे, पावसात छत्री घेऊन जायचं. कोकणातलं घर पाण्याला भिऊन बांधलेलं असतं. म्हणून जोतं उंच आणि छप्पर खाली उतरलेलं. धडधाकट माणसाला त्याचं काही वाटत नाही. अण्णांना अर्धांगाचा झटका आला, चाकाची खुर्ची घरात आली, तेव्हा मी पहिल्यांदा पायऱ्या मोजल्या. खळ्यातून ओटीवर चार, आणि माजघराच्या दारात चार बोटं उंच उंबरठा.

मुंबईचा भाऊ म्हणाला, "इकडेच आणूया त्यांना, लिफ्ट आहे." अण्णा नुसते वर वाशांकडे बघत राहिले. आई म्हणाली, "घर वाढवया."

खोली उत्तरेच्या अंगाला काढायची ठरली. पण जुनंच छप्पर तसंच खाली ओढलं असतं तर बाहेरच्या भिंतीशी पाच फूटही उंची उरली नसती. बसलेल्या माणसाला ती पुरते, त्याला उठवणाऱ्याला नाही. म्हणून खोलीला वेगळं, आडवं छप्पर केलं. दोन छपरं मिळतात तिथे पन्हळ आली, आणि पन्हळ म्हणजे गळतीला आमंत्रण. सुताराने पत्रा दोन्हीकडे कौलांखाली हातभर आत घेतला. दार तीन फुटी. संडास-न्हाणी खोलीलाच लागून, खुर्ची वळायला आत पाच फूट मोकळे. धरायच्या दांड्या चिऱ्यात टिकणार नाहीत असं गवंड्याचं म्हणणं, म्हणून तेवढ्या भागात काँक्रीट भरलं.

उंबरठा निघाला त्या दिवशी शेजारीण आली. "काकी, उंबरो काढलास तर लक्ष्मी खंयसून येतली?"

"खुर्चेत बसान येतली," आई म्हणाली, आणि काढलेल्या लाकडाला हळदकुंकू लावून आत घेऊन गेली.

खरं अडलं ते उतारापाशी. एक फूट चढायला बारा फूट लांबी, हा हिशेब. ओटी अडीच फूट उंच, म्हणजे तीस फूट उतार. मागच्या बाजूला मात्र डोंगराकडून जमीन चढत आलेली, तिथे फरक जेमतेम दहा इंच. दहा फुटांत काम झालं असतं, पैसेही वाचले असते. भाऊ, गवंडी, मी, सगळे मागच्या बाजूला राजी. अण्णांची वाचा तोवर पुरती आली नव्हती. एकेक शब्द ओढत ते म्हणाले, "फुडच्या दारान."

कोणी काही बोललं नाही. ज्या ओटीवर चाळीस वर्षं लोक त्यांना भेटायला आले, तिथे ते परसातून कसे येणार?

पंधरा फूट भिंतीलगत, मग वळायला चौकोन, मग पंधरा फूट परत, तुळस मधोमध ठेवून. लादी घातली नाही. इथल्या पावसात तिच्यावर शेवाळ धरायला वेळ लागत नाही. ओल्या सिमेंटवर खराट्याने आडव्या रेघा ओढल्या.

आता उन्हं आली की आई त्याच उतारावर आमसुलं वाळत घालते. अण्णांना खाली यायचं असलं की आधी ती गोळा करावी लागतात, आणि त्यावरून दोघांची रोज कुरबुर चालते.