क्यूसेक आणि पायऱ्या

चिंचवडला मोरया गोसावींच्या मंदिरापाशी पवनेचे पाणी चढू लागले, की आम्ही घाटाकडे जातो. सारेच जातात, छत्र्या, मुले, मोबाईल यांसह. पाणी किती चढले हे तेथे कोणी फुटांत सांगत नाही. 'अजून दोन पायऱ्या आहेत' असे सांगतात. ही जुन्या गावाची मोजपट्टी, आणि ती आम्हांस कळते.

सरकारी सूचना मात्र क्यूसेकमध्ये येते. धरणातून अमुक क्यूसेक विसर्ग, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, हे आम्ही मास्तर मंडळी वर्गात सांगू शकू. पण ते पाणी आमच्या गल्लीत कुठवर येईल, याचे उत्तर त्या आकड्यात नाही. आणि 'सतर्क राहणे' हे क्रियापदही मोठे सोयीचे. ते केल्याने काहीच करावे लागत नाही!

२५ जुलै २०२४ रोजी पिंपरी-चिंचवडमध्ये नदीकाठी पाणी शिरले. त्या सकाळी ध्वनिक्षेपकाची गाडी गल्लीतून गेली, तेव्हा तळमजल्यावरची भाडेकरू मुले निजली होती. चाकणच्या कारखान्यातून रात्रपाळी करून नुकतीच आलेली. कोणी लातूरचा, कोणी बिहारचा. आम्ही ती सूचना ऐकली. मुलांना उठवावे असे मनातही आले. मग वाटले, बिचारी आत्ताच डोळा लागून पडली आहेत. आम्ही पायऱ्या पाहायला गेलो.

परतलो तेव्हा खाटा पाण्यात होत्या. माणसे वाचली. एकाच्या पत्र्याच्या पेटीतल्या मूळ गुणपत्रिकांचा मात्र लगदा झाला. तो आम्हांस काही बोलला नाही, हे अधिक लागले.

सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी नकाशावर निळ्या रेषेने दाखवतात. चिखलीत इंद्रायणीच्या अशा रेषेतले ३६ बंगले हरित लवादाच्या आदेशानुसार मे २०२५ मध्ये पाडले गेले. तेथे रेषा निदान खटल्यात तरी आली. खोली भाड्याने घेताना ती कोण दाखवतो? आम्हीही दाखवली नव्हती.

पुढच्या जूनमध्ये आम्ही खालच्या मुलांचे फोन नंबर लिहून घ्यायला वही घेऊन गेलो. खोलीत नवीच मुले होती. घाट कोणत्या बाजूला, हे त्यांनीच आम्हांस विचारले.