उसनी कोंबडी

आमच्या अंगणात पहिली कोंबडी आली ती उसनी. अंधार पडल्यावर मोठीमायनं तिला टोपल्यात घालून, वर लुगड्याचा धडपा झाकून आणली. पोटाखाली १३ अंडी. खुडूक कोंबडीची जागा बदलायची तर रात्रीच बदलावी लागते. दिवसा हलवली की अंडी टाकून ती जुन्या जागेकडं पळते. बाबांना जाऊन वर्ष झालं नव्हतं, माय दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायची, आणि घरात विकण्यासारखं काही उरलं नव्हतं. मोठीमाय आमच्या नात्यातली नव्हती. ती आंध, आम्ही कुणबी. घरं तेवढी लागून. उंबऱ्यात उभ्या उभ्याच तिनं ठरावाचं सांगितलं: पिल्लं आईपासून सुटली की कोंबडी परत, आणि जगतील त्यातली निम्मी तिची. मरतील त्यांचा हिशोब नाही.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, बेला मंडळात. पैनगंगेच्या अलीकडं आम्ही, पलीकडं यवतमाळ जिल्हा. १९५६ साली जिल्हा आंध्र प्रदेशात गेला, २०१४ साली तेलंगणात. कचेरीतले कागद तेलुगूत आले, चुलीपाशी मराठीच राहिली. नदीच्या दोन्ही काठांना सोयरिकी आहेत, आणि त्या वाटेनं कोंबड्याही जातात-येतात. हे पुढं कामाला येणार होतं.

अंडी बसवणं ही मोठीमायची विद्या. जुन्या घमेल्यात तळाला राख, वर कडुनिंबाचा पाला, त्यावर वाळलं गवत. राख आणि पाल्यानं उवा होत नाहीत. अंडी आठवड्याच्या आतली, फार लांबोडकी नाहीत, फार गोल नाहीत, कवच खरखरीत नाही. ती मडक्यातल्या गार वाळूत जपून ठेवायची. अंड्यांची संख्या विषमच, आणि घमेल्यात एक लोखंडाचा खिळा, ढग गडगडले तर अंडी बाधू नयेत म्हणून. खिळ्याचं मला अजून पटलेलं नाही, पण तो मी ठेवते. होळी झाली की ती अंडी बसवणं थांबवायची. आमच्याकडं उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्या उन्हात कोंबडीविनाच अंड्यातला जीव अर्धवट जागा होतो आणि अर्ध्यावरच मरतो. कोजागिरीपासून माघापर्यंतचा काळ तिचा.

सातव्या रात्री ती बॅटरी घेऊन आली. मुठीच्या पोकळीत अंडं धरलं, खालून उजेड टाकला, आणि मला आत पाहायला लावलं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा, मध्ये हलणारा ठिपका. ज्यात काहीच दिसलं नाही ती दोन अंडी तिनं बाजूला काढली. मी हात पुढं केला तर म्हणाली, "आता हात नको लावू वं. तिचं तिला समजते." कोंबडी दिवसातून एकदाच उठायची. घाईघाईनं दाणे टिपायची, पाणी प्यायची, धुळीत अंग घोळायची आणि अंडी गार व्हायच्या आत परत बसायची. पोटाची पिसं झडून कातडी उघडी पडलेली. त्या उघड्या कातडीची ऊब थेट अंड्याला लागते. विसाव्या दिवशी अंड्याच्या आतून चिवचिव ऐकू आली, आणि कोंबडीनं घशातल्या घशात तिला उत्तर दिलं. ते मी कान लावून ऐकलंय. २१ व्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत ११ पैकी ९ पिल्लं बाहेर होती.

पुढं पशुसंवर्धनाची पदविका घेताना या सगळ्याची कारणं कळत गेली. अंडं उबायला साधारण ३७.५ अंश ऊब लागते. कोंबडी चोचीनं अंडी फिरवत राहते, नाहीतर गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो. शेवटच्या दिवसांत पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं, म्हणून आधी निघालेलं पिल्लू दाण्यावाचून एक-दोन दिवस राहतं आणि आई मागच्या भावंडांसाठी बसून राहू शकते. मात्र त्याच पुस्तकांत खुडूक होणं हा दोष म्हणून मांडला होता. बसलेली कोंबडी अंडी देत नाही, म्हणून व्यापारी जातींतून पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ती वृत्ती जवळजवळ काढून टाकली. हैदराबादेत राजेंद्रनगरच्या कुक्कुट संशोधन संस्थेनं परसातल्या पालनासाठी वनराजा आणि ग्रामप्रिया काढल्या. चांगले पक्षी आहेत, देशीपेक्षा कितीतरी जास्त अंडी देतात, पण क्वचितच बसतात. त्यांची पिल्लं हवी तर यंत्र हवं, यंत्राला वीज हवी, नाहीतर मोठीमायसारखीच्या घरची देशी कोंबडी हवी. देशी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, एवढ्यावरून तिला कमी लेखणाऱ्यांचा मला राग येतो. ती अंडी देते, उबवते, पिल्लांना घारीपासून वाचवते, दाणा टिपायला शिकवते. यातल्या कशाचा पगार कुणी धरत नाही.

त्या नऊ पिल्लांतली सात जगली. मोठीमायनं तीन घेतली, चार आम्हाला सोडली. त्यांतल्या दोन तलंगांपासून आमचं खुराडं वाढलं. आखाडीला आणि पोळ्याच्या करीला कोंबड्याला चांगला भाव येतो. माझी दहावीची पुस्तकं आणि नंतरचं आदिलाबादचं बसभाडं त्या कोंबड्यांवर निघालं.

माय परतफेडीला अधीर होती. उपकार अंगावर ठेवून झोप लागत नाही, असं ती म्हणायची. एकदा ती पैसे घेऊन गेली तर मोठीमायनं हात मागं घेतला. "पैसे घेऊन काय करू? एक कोंबडी तिकडं कोरपन्याच्या वाटेवरल्या माह्या भाचीले दे. अर्ध्या वाट्यावर दे." मायला ते तेव्हा रुचलं नाही. स्वतःच्या कोंबड्या ही बाई गावोगाव का वाटत सुटते, असा प्रश्न मलाही पडायचा.

उत्तर मानमोडीनं दिलं. कुमाऊंतल्या राणीखेतचं नाव ज्या रोगाला पडलं, तोच हा. मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते, आणि आठवड्यात खुराडी ओस पडतात. एका हिवाळ्यात आमच्या गावात तेच झालं. मोठीमायच्या दारात एकही पक्षी उरला नाही, आमच्याकडंही नाही. ती रडली नाही. काही आठवडे थांबली, खुराडं खरवडलं, चुना मारला, आणि भाचीला निरोप धाडला. तिकडून दोन कोंबड्या आल्या, नदीपलीकडून एक. सगळ्या तिच्याच कोंबड्यांच्या वंशातल्या, तिनं वाट्यानं दिलेल्या. त्यांतली पहिली खुडूक झाली ती पुन्हा आमच्याकडं, पुन्हा रात्रीच, पुन्हा निम्म्या वाट्यानं. तेव्हा मायला कळलं की सगळं देणं एकदम फिटलं असतं तर त्या हिवाळ्यात मागायला कुठलंच दार उरलं नसतं.

नोकरीला लागल्यावर मी मानमोडीची पहिली लस मोठीमायच्या अंगणात दिली. पहिल्या आठवड्यात डोळ्यात लासोटाचा थेंब, दोन महिन्यांच्या सुमाराला आर-टू-बीची सुई. पिल्लं धरायला ती स्वतः बसली. मी तिला सांगितलं की लस टोचलेल्या कोंबडीचं बळ अंड्याच्या बलकातून पिल्लाला जातं आणि पहिले काही दिवस त्याला राखतं. मग ते अंडं दुसऱ्या कुठल्याही कोंबडीखाली उबलेलं असो. तिनं लगेच विचारलं, "मंग अंडी कोनाच्या घरची घ्याची, थे पाहून घ्या लागन?" शिकवणाऱ्यांपैकी कुणी मला इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. त्या वर्षापासून ती लस दिलेल्या घरांचीच अंडी बसवायला घेऊ लागली, आणि तिचं पाहून बायका लसीच्या दिवशी कोंबड्या डालग्यात कोंडून माझी वाट पाहू लागल्या. तेलुगू पत्रकांनी जे झालं नव्हतं ते तिच्या एका नेमानं झालं.

मोठीमाय गेली तेव्हा तिच्या कोंबड्या पाच गावांत होत्या. कुणाकडं किती, हे मायला तोंडपाठ होतं, आणि दिवस झाल्यावर तिनं ते मोठीमायच्या सुनेला बसवून सांगितलं. आमच्याकडंही वाटा बाकी होता. सून म्हणाली, राहू द्या. यंदा कोजागिरीनंतर आमच्या दोन कोंबड्या बसतील असं दिसतंय. एक तिच्या घरी जाईल. दुसरीसाठी गावाबाहेर नव्यानं राहायला आलेल्या एका घराचं नाव मायनं घेतलंय. बाई एकटी आहे, दोन लेकरं आहेत. घमेलं आणि राख आम्हीच देणार आहोत.