सॅक्सोफोन व आमची एक चूक

गतवर्षी स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू असता एक विद्यार्थी पिवळे, वाकड्या मानेचे वाद्य उराशी धरून आमच्यापुढे उभा राहिला. तो सॅक्सोफोन होता. त्याचे वडील लग्नसराईत बँडमध्ये तो वाजवीत. "सर, समूहगीताला साथ करू का?" असे त्याने भीत भीत विचारले. आम्ही उत्तरलो, "हे वरातीचे वाद्य, येथे पेटी-तबला पुरे आहे." मुलगा मुकाट्याने निघून गेला व पुन्हा गायनाच्या तासास आला नाही.

ही गोष्ट आम्ही विसरूनही गेलो असतो. परंतु उन्हाळ्याच्या सुट्टीत पुणतांब्यास जाण्याचा योग आला. गोदाकाठचे हे गाव चांगदेवांच्या समाधीमुळे सर्वश्रुत आहे. तेथेच १९१८ साली रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे संगीतदिग्दर्शक सी. रामचंद्र, जन्मास आले, हे यजमानांकडून ऐकून आपल्याच जिल्ह्याविषयीच्या अज्ञानाची आम्हांस लाज वाटली. घरी परतताच आम्ही त्यांची माहिती वाचावयास घेतली.

विनायकबुवा पटवर्धनांपाशी गायन शिकलेला हा तरुण प्रथम नट होऊ पाहत होता. ते न साधल्यामुळे मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये तो पेटी वाजवू लागला. पुढे 'शहनाई' (१९४७) व 'अलबेला' (१९५१) या चित्रपटांत त्याने देशी चालींच्या जोडीस परदेशी वाद्ये बसविली आणि सारा देश ठेका धरू लागला.

हे साधले कोणाच्या बळावर? मुख्यतः गोव्याच्या वादकांच्या. तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. १९३५ साली लिऑन ॲबी यांचे कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचे पथक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले, आणि जॅझ संगीताचे वारे त्या शहरात जोराने वाहू लागले. हळदोणे गावचे अंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे ट्रम्पेटवादक त्याच वाऱ्यावर वाढले. 'अलबेला'त ते सी. रामचंद्रांचे साहाय्यक होते व पडद्यावरही आपल्या वादकांसह दिसतात. त्यांचे जावई, नेवरा गावचे ब्राझ गोन्साल्विस, हे तर सॅक्सोफोनवादकच. त्यांनी आपल्या रागांचे स्वर जॅझमध्ये गुंफले. 'रागा रॉक' ही त्यांची ध्वनिमुद्रिका जाणत्यांस परिचित आहे.

वाचता वाचता आणखी एक गोष्ट ध्यानी आली. अडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ साली या वाद्याचे पेटंट घेतले. अंग पितळेचे असले तरी याचा स्वर वेताच्या पातळ पट्टीतून निघतो. म्हणून जाणते लोक त्याची गणना काष्ठवाद्यांत करितात. आमची सनईदेखील अशाच पानातून बोलते. तीही वरातीतच वाजे. परंतु बिस्मिल्ला खाँसाहेबांनी तिला मैफलीचे आसन मिळवून दिले. मग 'वरातीचे वाद्य' हा दोष कसा ठरावा? दोष वाद्यात नसून आमच्या कानांत होता.

शाळा उघडताच आम्ही त्या मुलास बोलाविले व वर्गासमक्ष चूक कबूल केली. तो खाली पाहत म्हणाला, "सर, मला ऐकून वाजविता येते, लिहिलेले वाचता येत नाही." आम्ही थक्क झालो. उपासनासंगीताच्या निमित्ताने आम्हांस तर स्वरलेखन लहानपणापासून अवगत आहे! जे गोव्याच्या गावोगावच्या मास्तरांनी दिले, तेच देणे आमच्यापाशी होते, आणि आम्ही दारातूनच त्याला परत पाठविले होते.

हल्ली दर शनिवारी शाळा सुटल्यावर तो आमच्यापाशी बसतो. पाच रेघांवरील स्वर तो आता अडखळत का होईना वाचतो. सॅक्सोफोन मात्र त्याने अद्याप शाळेत आणलेला नाही. आम्हीही घाई करीत नाही. तो आणील त्या दिवसाची वाट पाहत आहो.