डोंगरकड्याला, हळदीच्या दिवसांत

मैत्रिणींनो, नांदेडहून हिंगोलीच्या रस्त्याला लागलात आणि अर्धापूरच्या केळीच्या बागा मागं पडल्या, की वारंगा फाट्याच्या अलीकडे डोंगरकडा लागतं. गाव कळमनुरी तालुक्यातलं. जायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जा; हळद तेव्हा काढणीला आलेली असते. शिजत्या हळदीचा तो उग्र, मातकट वास कपड्यांना असा बसतो, की दोन धुण्यांनीही जात नाही. चांगली साडी मुळीच नेऊ नका, अनुभवानं सांगते!

माझी चुलत नणंद तिथं असते. आम्ही पोचलो तेव्हा खळ्यावर बॉयलरमधून वाफाळती हळद उतरत होती. बाजूला सावलीत पाल्याखाली झाकलेला एक ढीग होता. हा का शिजवला नाही, म्हणून मी विचारलं. नणंदेच्या सासूबाई म्हणाल्या, "ते बेणं हाय माय. शिजलेली हळद उगवत नस्ते. बेणं आधीच काढून ठेवावं लागतं."

नणंदेची लेक शेजारीच बसली होती. ती उठून घरात गेली.

सोळाव्या वर्षी या पोरीला लसिकाग्रंथींचा कॅन्सर झाला होता. मोठ्या शहरात सहा महिने उपचार झाले, पोर खडखडीत बरी झाली. आता ती तेवीस वर्षांची आहे, शाळेत शिकवते. स्थळ सांगून आलं, आणि गावात कुजबुज सुरू झाली, "तिला लेकरू होईल का पण?" खरं सांगायचं तर हा प्रश्न तिला उपचारांच्या वेळी कुणी विचारलाच नव्हता. डॉक्टरांनी विषय काढला नाही, आईबापांना सुचला नाही. जीव वाचवायच्या घाईत कुणाला सुचावा? मी तरी नणंदेला दोष देणार नाही.

रात्री अंगणात तिनं मला गाठलं. "मामी, माझी पाळी तर नेमानं येते. मग?"

तिला जे सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते. बाईची अंडी जन्माआधीच तयार झालेली असतात, नंतर नवी बनत नाहीत. कॅन्सरची काही औषधं, सायक्लोफॉस्फामाइडसारखी, आणि ओटीपोटावर दिलेले 'शेक' हा साठा कमी करतात. किती, ते औषधावर, मात्रेवर आणि वयावर असतं. सगळ्यांचाच साठा संपतो असं नाही. लहानपणी रक्ताचा कॅन्सर होऊन बऱ्या झालेल्या कितीतरी मुली पुढे आई झाल्या आहेत. पण पाळी येते म्हणजे साठा भरपूर, हेही खरं नव्हे. अशा बाईची पाळी लवकर जाऊ शकते.

आणि हो, बेणं आधी काढून ठेवता येतं! पहिल्या औषधाआधी मुलाचं वीर्य एक-दोन दिवसांत गोठवून ठेवता येतं. मुलीची अंडी काढायला इंजेक्शनं देऊन साधारण दोन आठवडे लागतात. पाळीही न आलेल्या मुलीच्या अंडाशयाचा तुकडा ठेवता येतो. असा तुकडा परत बसवून पहिलं बाळ २००४ साली बेल्जियममध्ये जन्मलं. आपल्या मुंबईत परळला टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे, आणि त्याच्या शेजारच्याच केईएममध्ये १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांनी टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. टाटामध्ये बऱ्या झालेल्या मुलांना पुढेही तपासत राहणारा वेगळा दवाखाना १९९१ पासून चालतो. खर्च होतो, आणि प्रत्येक वेळी यश येतंच असं नाही. पण औषध सुरू होण्याआधी डॉक्टरांना नुसतं विचारायला पैसे पडत नाहीत.

पोरीसाठी ती वेळ निघून गेली होती. तरी दुसऱ्या आठवड्यात आम्ही नांदेडला स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. रक्ताची एक तपासणी झाली, सोनोग्राफी झाली. साठा वयाच्या मानानं कमी आहे, पण आहे. बाई म्हणाल्या, लग्न झालं तर मूल लांबवू नका, आणि दिवस राहिले की हृदयही तपासून घ्या. छातीवरच्या शेकांचा आणि काही औषधांचा त्यावरही परिणाम होतो.

परतीच्या एस.टी.त ती खिडकीबाहेर बघत होती. मध्येच म्हणाली, "मी त्यांना सांगणार आहे. आधीच."

नणंदेला ते पटलं नाही. "विचारलं तर सांगू, आपण होऊन कशाला?" दोघी मायलेकी दोन दिवस अबोला धरून होत्या. मला पोरीचंच बरोबर वाटलं, पण पाहुणीनं किती बोलावं?

रविवारी मंडळी आली. चहा झाल्यावर तिनं स्वतःच कागद पुढे ठेवले. मुलाच्या आईचा पहिला प्रश्न निघाला, "लेकराला बी हा आजार होतो का?" घराण्यातून येणारे थोडे प्रकार सोडले तर तसं नसतं, आणि हा त्यातला नाही, हे तिनं शांतपणे सांगितलं. मुलगा काही बोलला नाही, पण कागद त्यानं शेवटपर्यंत वाचले.

त्यांनी विचार करायला आठ दिवस मागितले आहेत. निघताना सासूबाईंनी मला दोन किलो हळकुंडं बांधून दिली, आणि पोरीला हाक मारली, "चल गं, बेण्यावरचा पाला सारखा करू."