सकाळी नाशिक, सायंकाळी सिन्नर

सिन्नरच्या बाजारपेठेतील ते वयोवृद्ध कापड व्यापारी स्थानकात नेहमी दाराजवळच बसत. मांगलिक होईपर्यंत दोनदा तरी उठावे लागे. घरात मात्र याविषयी चकार शब्द नाही. हिशेबात पैचीही चूक न खपवून घेणारा हा गृहस्थ स्वतःच्या देहाची थकबाकी चार वर्षे लपवून होता.

एका रात्री लघवी पूर्ण तुंबली, तेव्हा मुलाने त्यांना नाशिकला नेले. प्रोस्टेट ग्रंथी फार वाढली होती. त्यांच्या वडिलांचे हेच ऑपरेशन पोट उघडून झाले होते. घरी परतायला पंधरवडा लागला होता. आताचे डॉक्टर म्हणाले, “सकाळी या, सायंकाळी घरी जा.” शेठजींना ते पटेना. मुक्काम कमी म्हणजे देखभालही कमी, असा त्यांचा व्यापारी हिशेब.

होल्मियम लेसरने ग्रंथीचा वाढलेला भाग मूत्रमार्गातून सोलून काढण्याची ही पद्धत न्यूझीलंडचे डॉ. पीटर गिलिंग व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात विकसित केली. सालीपासून संत्र्याचा गर सुटावा तसा तो भाग सुटतो आणि लेसर रक्तवाहिन्याही बंद करीत जातो. म्हणून निवडक रुग्णांना त्याच दिवशी घरी जाता येते. ‘निवडक’ हा शब्द विसरू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, दुबळे हृदय किंवा घरात सोबत नसणे, यांपैकी काही असेल तर रात्रीचा मुक्कामच बरा. विम्याचे म्हणाल, तर नव्या तंत्रामुळे २४ तासांच्या आत होणारे उपचार ‘डे केअर’च्या व्याख्येत बसतात. पूर्वमंजुरी मात्र लेखी घ्यावी.

खरा प्रश्न शेठाणींनी विचारला. “रात्री दोन वाजता नळी तुंबली, तर मोहदरी घाट ओलांडून कोण नेणार?” डॉक्टर हसले नाहीत. लघवीचा रंग दुपारी पाहूनच निर्णय होईल, आणि घरी गेल्यावर गाडी व चालक रात्रभर तयार ठेवा, असे त्यांनी सांगितले.

दिवस मावळण्यापूर्वी ते सिन्नरला पोहोचले. भरपूर पाणी पिण्याची सूचना होती आणि चाळीस वर्षांचा चौविहार होता. पच्चक्खाणात आजारासाठी आगार असतात, हे शेठजी स्वतःच इतरांना सांगत आले होते. रात्री पिशवीतील रंग गडद झाला. शेठाणींनी उकळून गार केलेल्या पाण्याचा पेला काही न बोलता समोर ठेवला. बराच वेळ ते पेल्याकडे पाहत राहिले. मग हात जोडले आणि प्याले. पहाटेपर्यंत पाच पेले झाले. रंग फिकट झाला. गाडी अंगणातच उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी नाशिकला जाऊन नळी काढली. स्थानकात ते अजून दाराजवळच बसतात. पहिले काही आठवडे घाई होणारच, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले आहे.