रिमचा खोलगा

बंगळूरच्या मल्लेश्वरम् भागातील आपल्या घराच्या गॅरेजात एक निवृत्त मराठी गृहस्थ टायर उतरवण्याच्या यंत्रासाठी जागा मोजीत उभे असतात. जे. सी. रोडवरील मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांत चौकशी करून ते आले आहेत. एक यंत्र विजेचे, सोबत हवेचा कॉम्प्रेसर मागणारे. दुसरे जमिनीत बोल्टांनी जखडायचे, लांब दांड्याचे, हाताने चालवायचे. पहिल्याने निम्मे गॅरेज व्यापणार, दुसऱ्याने मनगटांची परीक्षा होणार. ‘बाबा, दुकानात द्या ना चाक,’ असे मुलगा फोनवर सांगतो. साठी उलटलेल्या माणसाला हा प्रश्न केवळ किमतीचा उरत नाही.

ते हातयंत्र घेतात. पहिल्या दिवशी दांडा रेटून घामाघूम होतात; रिमवर ओरखडा उठतो, टायर मात्र हलत नाही. टायरच्या कडेत पोलादी तारांचे कडे असते आणि ते ताणले जात नाही. एका बाजूने लावलेला सारा जोर म्हणूनच वाया जातो. समोरची कड रिमच्या मधल्या खोलग्यात उतरवली, की अलीकडे तेवढीच सैल मिळते. विजेच्या यंत्रालाही हा नियम चुकत नाही.

गृहस्थ साबणाचे पाणी लावतात, गुडघ्याने पलीकडची कड दाबतात आणि दांडा फिरवतात. टायर निमूट वर येतो. विजेच्या यंत्राचा विचार ते पुढच्या वर्षावर टाकतात.